‘मला सर्व माहिती देण्यात आली आहे’

शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर, कर्जाच्या करारात, विम्याच्या अर्जात आणि जवळजवळ प्रत्येक ॲपच्या पहिल्या पडद्यावर थोड्याफार फरकाने एकच वाक्य असते: ‘मला सर्व माहिती देण्यात आली आहे व ती मला समजली आहे.’ खाली सही, अंगठा किंवा चौकोनात टिचकी. या एका वाक्यात दोन वेगळे दावे आहेत. माहिती दिली, या पहिल्या दाव्याला पुरावा असतो. छापलेला मजकूर समोरच असतो. समजली, या दुसऱ्या दाव्याला पुरावा म्हणून फक्त ती सहीच असते. आणि ती अशा माणसाकडून घेतलेली असते, ज्याला सही नाकारण्याची मुभा बहुतेक वेळा नसतेच. पुढे वाद झाला तर हीच सही त्याच्याविरुद्ध दाखवली जाते.

माझे म्हणणे असे की हा दुसरा दावा सिद्ध करण्याचा भार माहिती घेणाऱ्यावरून काढून देणाऱ्यावर टाकायला हवा. ज्याला माहिती देणे बंधनकारक आहे, मग ते सरकार असो, रुग्णालय असो की कंपनी, त्याचे कर्तव्य कागद हातात ठेवल्यावर संपू नये. ज्यांच्यासाठी तो कागद आहे त्यांना तो समजतो, हे त्याने आधी दाखवून द्यावे. मागणी भाबडी वाटेल. पण माहिती आणि मानवी आकलन यांच्या नात्यावर माहितीशास्त्रात गेली पन्नास-साठ वर्षे जो विचार झाला, तो या मागणीच्याच बाजूने जातो. आपल्या व्यवहाराने त्या शास्त्राचा एकच धागा उचलला, तोही दूरसंचाराचा.

अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननने 1948 साली ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’मध्ये दोन भागांत एक लेख लिहिला आणि माहिती मोजता येऊ लागली. अनेक शक्यतांपैकी कोणती निवडली गेली आणि ती किती अनपेक्षित होती, यावर हे माप ठरते; बिट हे एकक तिथूनच रूढ झाले. या मापात अर्थाला जागा नाही. शॅननने ते लपवलेही नाही. संदेशाच्या अर्थाचा अभियांत्रिकीच्या प्रश्नाशी संबंध नाही, असे त्याने लेखाच्या सुरुवातीलाच सांगून टाकले. परिणाम गमतीदार आहे. वाटेल तशी टंकलेली अक्षरे घेतली तर त्यांत, तेवढ्याच लांबीच्या सुबोध वाक्यापेक्षा, या मापाने जास्त माहिती भरते, कारण सुबोध वाक्यात पुढचे अक्षर काय येणार याचा थोडाफार अंदाज असतो. तारेतून किंवा हवेतून संदेश बिनचूक पाठवायचा असेल तर हेच माप हवे, यात वाद नाही.

वॉरन वीव्हरने 1949 मध्ये शॅननच्या लेखाला जोडलेल्या विवेचनात तीन पायऱ्या सांगितल्या. चिन्हे नीट पोहोचली का, त्यांचा अर्थ पोहोचला का, आणि घेणाऱ्याच्या वागण्यावर त्याचा हवा तो परिणाम झाला का. शॅननचे गणित पहिल्या पायरीचे होते. आपला सिद्धांत ज्या त्या विषयाला चिकटवण्याची फॅशन आली आहे, असा इशारा त्याने स्वतः 1956 मध्ये दिला. तेव्हा दोष त्याच्या पदरात टाकण्यात अर्थ नाही. दोष आहे तो पहिल्या पायरीवर उभे राहून तिसरी चढल्याचा दाखला मागणाऱ्यांचा.

ग्रंथालयांची वाट वेगळी होती, कारण तिथे माणूस समोर उभा असतो. सुरुवातीला तिथेही भर साठ्यावरच होता. ब्रसेल्समध्ये पॉल ओत्ले आणि आंरी ला फोंतेन यांनी 1895 मध्ये जगातल्या सगळ्या छापील साहित्याची सूची करायला घेतली आणि ती पुढे 1 कोटी 20 लाखांहून अधिक कार्डांपर्यंत गेली. तो उद्योग थक्क करणारा होता. पण ज्याला नेमके काय शोधायचे हेच कळत नाही, त्याला कोटभर कार्डांचा उपयोग काय? भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत हा वाचक आत आला. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथ कपाटात असणे आणि तो योग्य माणसाच्या हाती पडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या सूत्रांनी गृहीतच धरले.

त्या माणसाच्या डोक्यात शिरण्याचा पहिला नीट प्रयत्न मला रॉबर्ट टेलर यांच्या 1968 च्या लेखात दिसतो. संदर्भ ग्रंथपाल आणि विशेष ग्रंथालयांत काम करणारे यांच्याशी बोलून टेलर यांनी माहितीच्या गरजेचे चार थर सांगितले. सगळ्यात खाली असते एक अस्वस्थता, जिला शब्दच नसतात. त्यावर मनातल्या मनात केलेले अडखळते वर्णन. मग येतो नीट बांधलेला प्रश्न. आणि सगळ्यात वर, ग्रंथालयात गेल्यावर प्रत्यक्ष विचारला जाणारा प्रश्न, जो ‘इथे काय मिळू शकेल’ याच्या अंदाजाने तडजोड करून विचारलेला असतो. चांगल्या ग्रंथपालाचे काम या पायऱ्या उलट उतरण्याचे. समोरचा ‘रसायनशास्त्राची पुस्तके कुठे आहेत’ असे विचारतो. चार प्रश्न उलट विचारल्यावर कळते की त्याला एका विशिष्ट औषधाचा परिणाम जाणून घ्यायचा आहे. तो खोटे बोलत नसतो. जे माहीत नाही त्याचे वर्णन कसे करायचे, ही त्याची अडचण असते.

निकोलस बेल्किन यांनी 1980 मध्ये हीच अडचण सिद्धांताच्या रूपात मांडली. माहिती शोधणाऱ्याच्या ज्ञानात एक विसंगती असते, काहीतरी जुळत नसते. पण ते जुळवायला काय लागेल हे त्याला सांगता येत नाही, कारण सांगता आले असते तर विसंगतीच उरली नसती. हा मुद्दा ग्रंथालयापुरता नाही. संमतिपत्र वाचून झाल्यावर ‘काही शंका?’ असे विचारले जाते आणि समोरचा गप्प बसतो. ते मौन समजल्याची खूण म्हणून नोंदवले जाते. बेल्किन यांचे म्हणणे खरे मानले, आणि मला ते खरे वाटते, तर ज्याला सगळ्यात कमी समजले आहे तोच सगळ्यात जास्त गप्प राहणार. शंका काढायलाही थोडी समज लागते.

त्याच वर्षी ब्रुक्स यांनी माहितीशास्त्राचे एक ‘मूलभूत समीकरण’ दिले. माणसाची आधीची ज्ञानरचना अधिक माहिती बरोबर बदललेली ज्ञानरचना, इतकेच ते आहे. गणित म्हणून त्यात फारसा दम नाही. त्यातली चिन्हे कोणत्या एककात मोजायची हे कोणी सांगू शकलेले नाही. पण त्यात एक गोष्ट स्पष्ट होती: तीच माहिती दोन वेगळ्या ज्ञानरचनांत पडली तर होणारे बदलही वेगळे असतील. म्हणजे मजकुरात किती माहिती आहे, हे वाचणारा कोण ते ठरल्याशिवाय सांगता येत नाही. संमतिपत्र लिहिणाऱ्या वकिलाने हे वाक्य भिंतीवर टांगायला हरकत नाही.

याला प्रयोगांचा आधार आहे. ब्रान्सफर्ड आणि जॉन्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये लोकांना एक परिच्छेद ऐकवला. वस्तू वेगवेगळ्या ढिगांत लावा, एका वेळी फार घेऊ नका, सोय नसेल तर दुसरीकडे जावे लागेल, काम संपले की पुन्हा ढीग लावा, अशा धर्तीचा. सगळे शब्द रोजच्या वापरातले, वाक्ये बिनचूक. तरी ऐकणाऱ्यांना तो धड समजेना आणि नंतर त्यातले फारसे काही आठवेना. ज्यांना ‘हे कपडे धुण्याबद्दल आहे’ असे आधी सांगितले होते, त्यांना मात्र तोच परिच्छेद समजला आणि जवळपास दुप्पट आठवला. खरी मेख पुढे आहे. हाच विषय परिच्छेद ऐकून झाल्यावर ज्यांना सांगितला, त्यांना त्याचा काहीच फायदा झाला नाही. आकलनाला सांगाडा आधी लागतो. नंतर दिलेला सांगाडा निसटून गेलेले परत आणत नाही. वीस पानांच्या करारात शेवटच्या पानावर ‘थोडक्यात’ असे लिहून कर्तव्य पार पाडणाऱ्यांना हा निष्कर्ष अडचणीत आणणारा आहे.

याहून टोकाचे उदाहरण आकड्यांचे आहे, कारण आकडे तरी सगळ्यांना सारखेच समजत असतील असे आपण धरून चालतो. गेर्ड गिगरेन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 160 स्त्रीरोगतज्ज्ञांना एक प्रश्न विचारला. तपासणीला येणाऱ्या स्त्रियांपैकी 1 टक्क्याला स्तनाचा कर्करोग असतो. असेल तर चाचणी 90 टक्के वेळा तो दाखवते. नसला तरी 9 टक्के वेळा आहे असे चुकून दाखवते. एकीची चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे तिने कर्करोग दाखवला, तर तिला कर्करोग असण्याची शक्यता किती? चार पर्याय दिले होते. बरोबर उत्तर देणारे निघाले 21 टक्के. डोळे मिटून पर्याय निवडला असता तर 25 टक्क्यांचे उत्तर बरोबर आले असते. मग त्याच डॉक्टरांना तीच माहिती वेगळ्या रूपात मांडायला शिकवले: 1000 स्त्रिया घ्या, त्यांतल्या 10 जणींना कर्करोग आहे, त्यांपैकी 9 जणींची चाचणी पॉझिटिव्ह येईल; उरलेल्या 990 निरोगी स्त्रियांपैकी सुमारे 89 जणींचीही येईल. म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या 98 जणींपैकी 9 जणींना खरोखर आजार आहे, साधारण दहातल्या एकीला. आता 87 टक्के डॉक्टरांचे उत्तर बरोबर आले.

या दोन मांडण्यांत गणिताच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. एकीतून दुसरी काढता येते. तरीही पहिली मांडणी तज्ज्ञांनाही चकवते आणि दुसरी शाळकरी मुलालाही समजावी. आता सांगा, पहिल्या रूपात ‘माहिती दिली’ असे म्हणायचे का? कागदोपत्री होय. पण ज्या डॉक्टरला स्वतःलाच हा आकडा लागत नाही, तो समोरच्या घाबरलेल्या स्त्रीला काय सांगणार?

अशा गोंधळाची किंमत खरीखुरी मोजली गेलेली आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 1995 मध्ये औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. विधान खरे होते. आधीच्या गोळ्या घेणाऱ्या 7000 स्त्रियांमागे एकीला हा त्रास होत असे, नव्या गोळ्यांनी तो दोघींना होत होता. ‘दुप्पट’ ऐकून असंख्य स्त्रियांनी गोळ्या थांबवल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 13,000 जादा गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, ही त्यातली क्रूर गंमत. कोणी खोटे बोलले नव्हते, काही दडवले नव्हते. चिन्हे अगदी बिनचूक पोहोचली होती.

कायद्याला हे अजिबात ठाऊक नाही असे नाही. माणसांवरच्या प्रयोगांसाठी 1947 मध्ये आलेल्या न्यूरेम्बर्ग संहितेने पहिल्याच कलमात संमती देणाऱ्याला पुरेसे ज्ञान आणि पुरेसे आकलन असले पाहिजे, असे दोन्ही सांगितले आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये एका निकालात स्पष्ट केले की रुग्णाला न पेलणाऱ्या तांत्रिक माहितीचा भडिमार करून डॉक्टरचे कर्तव्य पूर्ण होत नाही, आणि संमतिपत्रावर रिवाजाने सही घेऊन तर नाहीच. तत्त्व मान्य आहे. व्यवहार मात्र उलट्या दिशेने गेला, विशेषतः पडद्यावरचा. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2008 मध्ये हिशेब मांडला की सर्वसाधारण अमेरिकन माणसाने आपण भेट देतो त्या संकेतस्थळांची गोपनीयता धोरणे शब्दशः वाचायची ठरवली तर वर्षाला सुमारे 200 तास लागतील. माहितीच्या सुकाळातून लक्ष देण्याचा दुष्काळ निर्माण होतो, असे हर्बर्ट सायमन 1971 मध्येच सांगून गेले होते. तेव्हा तो इशारा होता. आज ती काहींची पद्धत झाली आहे: काही लपवायचे नाही, इतके सांगायचे की काही दिसू नये.

आता यावरचे आक्षेप. सगळ्यात गंभीर आक्षेप असा: ‘समजले पाहिजे’ ही अट घातली की ‘त्यांना समजणार नाही, म्हणून देत नाही’ असे म्हणायला सत्तेला निमित्त मिळते. ही भीती खरी आहे, आणि तिला उत्तर दिल्याशिवाय माझी मागणी पुढे नेण्यात अर्थ नाही. माझे उत्तर असे की इथे दोन वेगळी कर्तव्ये आहेत आणि एकाने दुसऱ्याला कापता कामा नये. कागद, आकडे, नोंदी जशाच्या तशा खुल्या ठेवणे हे बिनशर्त कर्तव्य आहे. ते कोणाला समजतात की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. मायकेल बकलंड यांनी 1991 मध्ये माहितीचे तीन अर्थ वेगळे केले: कळण्याची प्रक्रिया, कळलेले ज्ञान, आणि वस्तुरूप माहिती, म्हणजे दस्तऐवज, नोंद, नमुना. ग्रंथालये आणि संग्रह जपू शकतात ती फक्त तिसरी. ती जपायलाच हवी, कारण उद्या ती कोण वाचेल आणि त्यातून काय काढेल हे आज कोणालाच माहीत नाही. पण एखाद्या विशिष्ट माणसाला, विशिष्ट निर्णयासाठी, ‘आम्ही तुला कळवले’ असे म्हणून जबाबदारी झटकायची असेल, तर तिथे दुसरे कर्तव्य सुरू होते आणि तिथे नुसती वस्तू पुरत नाही.

दुसरा आक्षेप माहितीशास्त्राच्या घरातलाच आहे. बिर्गर योरलँड आणि इतरांनी 1990 च्या दशकात म्हटले की बोधनिक दृष्टिकोन, म्हणजे माहितीकडे माणसाच्या आकलनाच्या अंगाने पाहणारा हा विचार, एकट्या माणसाच्या डोक्यात फार अडकून पडला. ज्ञान समुदायांत, विद्याशाखांत, संस्थांत घडते. हे मान्य. माणूस करार समजून घेतो तो बहुधा ओळखीतल्या जाणत्याला विचारून. म्हणून मजकूर सोपा करणे हा एकच उपाय नव्हे. विचारायला वेळ देणे आणि विचारता येईल असा माणूस उपलब्ध ठेवणे हाही ‘माहिती देण्याचा’ भाग धरायला हवा. पडद्यावर ‘आत्ताच मान्य करा’ हा एकच रस्ता ठेवणारा तो भाग कापून टाकतो.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा धोक्याची आहे. माणसाच्या ज्ञानस्थितीचा नकाशा बांधून त्याप्रमाणे माहिती द्यावी, हे बेल्किन यांच्या पिढीचे स्वप्न आज कोणी साकार केले असेल तर पुढे काय पाहावे किंवा घ्यावे ते पडद्यावर सुचवणाऱ्या शिफारस-यंत्रणांनी. फरक इतकाच की तो नकाशा माणसाला कुठे अडते याचा नसतो. माणूस पुढच्या वेळी पडद्यावर कुठे बोट ठेवेल याचा असतो. आकलनाचा अभ्यास आकलनाविरुद्धही वापरता येतो. संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. ती टेलर यांच्या ग्रंथपालासारखे उलट प्रश्न विचारू शकते, आणि तसे झाले तर फार चांगले. पण वरच्या थरातल्या, तडजोड केलेल्या प्रश्नालाच ती अस्खलित उत्तर देऊन मोकळी झाली, तर खालची अस्वस्थता न सुटताच शांत होते. कॅरल कुल्थाऊ यांच्या अभ्यासात विषय धुंडाळण्याच्या टप्प्यावर विद्यार्थ्यांचा गोंधळ वाढताना दिसला, आणि त्यातून गेल्यावरच विषयाला आकार आला. येल विद्यापीठातल्या 2015 च्या एका अभ्यासात तर असे आढळले की इंटरनेटवर काही प्रश्नांची स्पष्टीकरणे शोधणाऱ्यांना, त्या शोधाशी संबंध नसलेले विषयही आपल्याला जास्त चांगले समजावून सांगता येतील असे वाटू लागले. समजल्याचा भास आणि समज या दोन्हींची आतून येणारी चव जवळजवळ सारखी असते. म्हणून तर ‘मला समजले आहे’ या सहीला पुरावा मानू नये असे मी म्हणतो. प्रामाणिक माणसाचीही ती साक्ष कच्ची असते.

राहिला प्रश्न हे जमणार कसे याचा. जमवून दाखवलेले आहे. युरोपीय संघात औषधाच्या खोक्यात घातले जाणारे माहितीपत्रक रुग्णांकडून तपासून घेणे 2005 पासून बंधनकारक आहे. मार्गदर्शक सूचनांत कसोटीही दिलेली आहे: विचारलेली गोष्ट पत्रकात 90 टक्के लोकांना सापडली पाहिजे, आणि सापडलेल्यांपैकी 90 टक्क्यांना ती समजल्याचे दाखवता आले पाहिजे. चाचणीला माणसे लागतात वीसच्या आसपास. कोणाला शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही, कोणाच्या मेंदूत डोकवावे लागत नाही. ‘एक गोळी चुकली तर काय कराल’ असे विचारायचे आणि उत्तर ऐकायचे. औषधाच्या पत्रकाला जे लागू होते ते कर्जाच्या कराराला, विम्याच्या अटींना, सरकारी नोटिशीला लागू न होण्याचे एकही कारण मला दिसत नाही. चाचणीत नापास झालेल्या मजकुरावर घेतलेली सही वादाच्या वेळी देणाऱ्याच्या कामी येऊ नये, एवढा एकच नियम केला तरी मजकूर आपोआप छोटे आणि स्वच्छ होऊ लागतील.

या पद्धतीत एक उणीव उरते. चाचणीत माणसांना वाचायला बसवलेले असते. एरवी तो कागद उघडलाही जात नाही. त्यामुळे ॲपच्या संमतीसाठी चाचणी वेगळ्या तऱ्हेने घ्यावी लागेल. वीस जणांना ते ॲप नेहमीच्या घाईत उघडू द्यावे, मान्यतेची कळ नेहमीसारखी दाबू द्यावी, आणि लगेच विचारावे: तुमच्या फोनमधले कोणाकोणाचे क्रमांक आता कंपनीकडे गेले, आणि ते परत घ्यायचे असतील तर काय करायचे?